मिरा-भाईंदरची वेलांटी

बी.एस्सी. आयटीच्या पहिल्या प्रॅक्टिकलला मी जावा काढत नाही. पोरांना आपल्याच गावाचं नाव टाइप करायला लावते. ‘मिरा’. आधी म दाबायचा, मग वेलांटी. पडद्यावर मात्र वेलांटी टुणकन उडी मारून मच्या पुढ्यात जाऊन बसते. संगणक साठवतो उच्चाराच्या क्रमाने, दाखवतो लिपीच्या रीतीने. ‘भाईंदर’ची तर आणखीच पंचाईत. ईच्या डोक्यावर आधीच रफार, मग अनुस्वार ठेवायचा कुठे? हे प्रोग्रामरला कोण सांगणार?

सांगायला मुंबईत र. कृ. जोशी होते. सुलेखनकार, जाहिरातीच्या धंद्यात मुरलेले. पवईच्या आयआयटीत आयडीसी या डिझाइन केंद्रात त्यांनी अक्षरं शिकवली आणि पुढे जुहूच्या एनसीएसटी या सॉफ्टवेअर संस्थेत संगणकवाल्यांच्या मांडीला मांडी लावून बसले. विंडोज 2000 बरोबर घरोघरी पोचलेला ‘मंगल’ हा फॉन्ट त्यांचाच.

विषयांची ही सरमिसळ काही जोशींपासून सुरू झाली नाही. एनसीएसटीचं मूळ कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत. तिथे रंगस्वामी नरसिंहन यांच्या गटाने 1960 मध्ये टिफरॅक हा संगणक उभा केला. त्याला हे नाव 1962 मध्ये नेहरूंनी दिलं. नरसिंहन शिकले दूरसंचार, डॉक्टरेट केली गणितात आणि पुढे रमले ते मूल भाषा कशी शिकतं या प्रश्नात. तेव्हा देशात संगणकाची पदवीच नव्हती, त्यामुळे ‘हा तुमचा विषय नव्हे’ असं त्यांना सुनावायची कुणाची सोय नव्हती.

नंतर पदवी आली. मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. आयटी आमच्या खाडीकाठापर्यंत पोचली आणि विरार लोकलमध्ये चेंगरून न घेता इथल्या मुली संगणक शिकू लागल्या. हे थोडंथोडकं नाही. पण सेमिस्टरच्या चौकटी आखताना भाषाशास्त्र आणि सुलेखन बाहेरच राहिलं. आमची पोरं डेटाबेस चोख लावतात. अक्षर मात्र त्यांना आयतं मिळालेलं असतं.

अपवाद एकच आठवतो. मागच्या बाकावरचा, दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्याचा मुलगा. ईंवर सगळे अडले तेव्हा तो म्हणाला, “मॅडम, पप्पा आधी रफार जरा आखडता घेतात, मग टिंब देतात.”