नेरूळ की नेरुळ? पायथनमधील डिक्शनरी आणि संच

दोन याद्या समोर ठेवून कोणती नावे दोन्हींत आहेत, कोणती एकीतच आहेत आणि कोणती दोनदा लिहिली गेली आहेत हे शोधणे, हे दप्तरातील सर्वांत जुने आणि सर्वांत कंटाळवाणे काम होय. नवी मुंबईत तर ते पदोपदी करावे लागते. ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर वसले. १९७० साली स्थापन झालेले सिडको, १९९२ पासूनची नवी मुंबई महापालिका, २०१६ साली अस्तित्वात आलेली पनवेल महापालिका आणि औद्योगिक पट्ट्यापुरती एमआयडीसी, अशा अनेक दप्तरांत त्याच गावांची आणि त्याच माणसांची नावे येतात. दोन दप्तरांचा ताळा जुळवताना एखादे नाव गळले, तर त्या नावामागच्या माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. भूखंड, शिधापत्रिका वा मतदार यादी, कागद कोणताही असो, गळलेले नाव परत आणायला चपला झिजवाव्या लागतात.

हे काम संगणकाकडून करून घ्यायचे, तर पायथन या भाषेतील दोन साधने हाताशी हवीत. एक डिक्शनरी, दुसरे सेट. सेटला ‘संच’ हा शालेय गणितातील शब्द जसाच्या तसा चालतो. राज्य मंडळाच्या नववीच्या गणित भाग १ मध्ये पहिलेच प्रकरण संचांचे आहे. ज्यांना ते आठवते त्यांना अर्धा पायथन आधीच ठाऊक आहे, असे म्हटले तरी चालेल.

डिक्शनरी म्हणजे जोड्यांचा साठा. प्रत्येक जोडीत एक किल्ली आणि तिचे मूल्य. पायथनच्या तिसऱ्या पिढीत (पहिली आवृत्ती डिसेंबर २००८) चलांची नावेसुद्धा देवनागरीत देता येतात, त्यामुळे पुढील ओळी जशा आहेत तशा चालतात :

पिन = {"वाशी": "४००७०३", "नेरूळ": "४००७०६", "ऐरोली": "४००७०८", "खारघर": "४१०२१०"}

आता पिन["ऐरोली"] असे विचारले की "४००७०८" हे उत्तर येते. पिनकोड हे उदाहरण मुद्दाम घेतले आहे. टपाल खात्यातील अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. एकाच नावाची अनेक गावे, निरनिराळ्या लिप्या आणि निरनिराळी लेखने यांच्या गोंधळातून वाट काढण्यासाठी गावाच्या नावाऐवजी सहा अंकांची किल्ली वापरायची, ही त्यामागची दृष्टी. डिक्शनरी वापरणाऱ्यालाही तोच प्रश्न सोडवायचा असतो : किल्ली कोणती धरावी?

नवी मुंबईच्या पत्त्यांत हा प्रश्न चांगलाच बोचतो. ‘सेक्टर १०’ ही किल्ली धरली, तर वाशी, नेरूळ, ऐरोली, खारघर या सगळ्यांत सेक्टर १० आहे. शेवटी भरलेली नोंद आधीच्या सर्व नोंदी पुसून टाकते, कारण डिक्शनरीत एका किल्लीला एकच मूल्य असते आणि ते बदलताना ती कोणतीही तक्रार करीत नाही. आडनावांचे तेच. आगरी-कोळी गावांत पाटील, म्हात्रे, भोईर अशी आडनावे घरोघरी आढळतात. नाव-आडनावावर यादी बांधली की एका गावातील एकाच नावाच्या तिघांपैकी शेवटचा तेवढा उरतो. यावर उपाय दोन. किल्ली अधिक नेमकी करायची, म्हणजे ("नेरूळ", "सेक्टर १०", "भूखंड ७") अशी त्रयी धरायची. अथवा मूल्याच्या जागी एक यादीच ठेवून प्रत्येक नवी नोंद तीत जोडीत जायचे. अशी त्रयी, म्हणजे पायथनचे टपल, किल्ली होऊ शकते. चौकोनी कंसातील यादी होऊ शकत नाही. जे नंतर बदलू शकते त्याला किल्ली करू नये, असा भाषेचा दंडक आहे.

किल्लीच नसेल तर काय होते, हेही पाहायला हवे. वरील डिक्शनरीला पिन["उलवे"] असे विचारले की ‘कीएरर’ ही चूक दाखवून आज्ञावली थांबते. नवशिक्यांना हे आवडत नाही आणि ते लगोलग ‘गेट’ या पद्धतीकडे वळतात. तिच्यात किल्ली न सापडल्यास ठरवून दिलेले पर्यायी मूल्य मिळते आणि काम पुढे सरकते. सोय खरी, पण याद्या जुळवताना ती घातक ठरू शकते. न सापडलेल्या नावाला गुपचूप शून्य देऊन पुढे जाणाऱ्या आज्ञावलीपेक्षा जागीच थांबून ओरडणारी आज्ञावली केव्हाही बरी.

खणांचे कपाट

छापील शब्दकोशात शब्द अकारविल्हे लावलेले असतात, म्हणूनच तो शोधता येतो. साठ हजार शब्दांच्या कोशात दरवेळी मधले पान उघडून निम्मा भाग बाजूला सारत गेले, तर सोळा वेळांत शब्द सापडतो. पायथनची डिक्शनरी नावाने शब्दकोश असली तरी ती अकारविल्हे नसते. तिची रीत टपाल कचेरीतील खणांच्या कपाटासारखी आहे. किल्ली हाती आली की तिच्यातील अक्षरांवरून गणिताने एक आकडा काढला जातो. त्याला हॅश म्हणतात. त्या आकड्यावरून खण ठरतो आणि थेट त्याच खणात पाहिले जाते. कपाट सुरुवातीला आठ खणांचे असते. सुमारे दोन तृतीयांश भरत आले की पायथन मोठे कपाट आणून सर्व नोंदी त्यात नव्याने लावते. दोन किल्ल्यांना एकच खण आला, तर ठरलेल्या नियमाने पुढचा खण पाहिला जातो, आणि सापडलेली किल्ली खरोखर तीच आहे ना, हे अक्षरशः ताडून घेतले जाते.

संचाची रचना अशीच, फक्त मूल्ये नाहीत, किल्ल्याच आहेत. एक लाख नावांच्या यादीतील प्रत्येक नाव दुसऱ्या एक लाख नावांच्या यादीत एकेक करून शोधले, तर तुलनांची संख्या एक हजार कोटींपर्यंत जाऊ शकते. दुसऱ्या यादीचा संच केला की लाख नावे खणांत ठेवणे आणि लाख वेळा खण उघडणे एवढेच काम उरते. पहिल्या रीतीने बराच वेळ मोडेल, दुसरीने चहा संपायच्या आत उत्तर येते.

रेल्वे स्थानकांचे संच

डिक्शनरी पायथनमध्ये पहिल्यापासून आहे. संच मात्र उशिरा आला : २००३ मध्ये तो जोडसाहित्य म्हणून मिळाला आणि नोव्हेंबर २००४ मधील २.४ या आवृत्तीपासून भाषेचा अंगभूत भाग झाला. योगायोग असा, की ठाणे ते वाशी ही ट्रान्सहार्बर सेवाही नोव्हेंबर २००४ मध्येच सुरू झाली. संचांची ओळख करून घ्यायला हेच दोन मार्ग घेऊ. हार्बरची केवळ वाशीपासून पुढची स्थानके धरली आहेत, आणि दिघा गाव हे जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेले स्थानकही यात आहे.

हार्बर = {"वाशी", "सानपाडा", "जुईनगर", "नेरूळ", "सीवूड्स-दारावे", "बेलापूर", "खारघर", "मानसरोवर", "खांदेश्वर", "पनवेल"}

ठाणे_वाशी = {"ठाणे", "दिघा गाव", "ऐरोली", "रबाळे", "घणसोली", "कोपरखैरणे", "तुर्भे", "सानपाडा", "वाशी"}

गाडी बदलायची कुठे? हार्बर & ठाणे_वाशी हा छेदसंच लिहिला की सानपाडा आणि वाशी ही दोन स्थानके मिळतात. उभी रेघ ( | ) घातली की संयोगसंच; त्यात दहा अधिक नऊ वजा दोन, म्हणजे सतरा स्थानके. ठाणे_वाशी - हार्बर या फरकात ठाण्यापासून तुर्भ्यापर्यंतची सात राहतात. ^ या चिन्हाने जी एकाच मार्गावर आहेत ती पंधरा. मात्र संचाला क्रम नसतो. वाशीनंतर सानपाडा, हे त्याला ठाऊक नाही. छापून पाहिले तर स्थानके कोणत्याही क्रमाने येतील, आणि उद्या पुन्हा चालवले तर कदाचित वेगळ्याच क्रमाने, कारण २०१२ मधील ३.३ आवृत्तीपासून शब्दांचे हॅश दर खेपेला बदलतात. डिक्शनरी मात्र ३.७ पासून (२०१८) भरलेला क्रम हमखास पाळते. प्रवासाचा मार्ग हवा असेल तर साधी यादीच ठेवावी.

दोन बारीक खाचखळगे येथेच सांगितलेले बरे. {} हा रिकामा महिरपी कंस म्हणजे रिकामा संच नव्हे, तर रिकामी डिक्शनरी; रिकाम्या संचासाठी ‘सेट’ हे नाव आणि पुढे रिकामा गोल कंस लिहावा लागतो. आणि सेटच्या गोल कंसात "वाशी" हा एकच शब्द टाकला, तर वाशी मिळत नाही. व, काना, श आणि दुसरी वेलांटी असे चार सुटे तुकडे मिळतात.

दिसायला तेच, असायला वेगळे

ठाण्याहून पनवेलला जाणाऱ्या गाड्या तुर्भ्याहून थेट जुईनगरला जातात. त्या मार्गाचा हार्बरशी छेद घेतला, तर जुईनगर ते पनवेल ही आठ स्थानके यायला हवीत. पण एका यादीत ‘नेरूळ’ आणि दुसरीत ‘नेरुळ’ असेल, तर सातच येतात. चुकीचा संदेश नाही, सूचना नाही. एक स्थानक फक्त नाहीसे होते. दोन्ही लेखने सर्रास वापरात आहेत. घणसोली-घनसोली, बेलापूर-बेलापुर, कोपरखैरणे आणि कोपर खैरणे यांचेही तसेच. वाचणाऱ्याला ते एकच गाव आहे. खणाच्या कपाटाला ते दोन आहेत, कारण अक्षर बदलले की हॅश बदलतो आणि बहुधा खणही.

ही चूक निदान नजरेला दिसते. न दिसणाऱ्या चुका मराठीत अधिक आहेत. वाशीच्या बाजार समितीत माल पाठवणाऱ्या गावांच्या यादीत ‘कऱ्हाड’ असेल, तर त्यातील अर्धा र संगणकात निदान तीन प्रकारे लिहिता येतो. एक, मराठीसाठी युनिकोडमध्ये असलेला नुक्त्याचा ऱ आणि हलन्त. दोन, साधा र, वेगळा नुक्ता आणि हलन्त. तीन, साधा र, हलन्त आणि त्यानंतर ‘झिरो विड्थ जॉइनर’ हे अदृश्य चिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, पण पायथनला लांबी विचारली की पहिल्याची सहा आणि उरलेल्या दोहोंची सात अशी उत्तरे येतात. पायथनच्या युनिकोडविषयक जोडसाहित्यातील ‘नॉर्मलाइझ’ ही क्रिया ‘एनएफसी’ रीतीने चालवली, तर दुसरा प्रकार पहिल्यात मिसळतो. तिसरा मिसळत नाही. तो हाताने बदलावा लागतो. गंमत अशी, की चलांच्या नावांवर पायथन स्वतःच असे संस्करण करतो, पण अवतरण चिन्हांतील मजकुराला हात लावीत नाही. ते उचितच आहे, कारण मजकूर वापरणाऱ्याचा असतो.

अंकांचेही तसेच. देवनागरीतील "४००७०३" आणि इंग्रजी अंकांत लिहिलेला तोच पिनकोड या दोन भिन्न किल्ल्या होत. ‘इंट’ ही क्रिया मात्र दोन्ही वाचते आणि एकच संख्या देते. पिनकोडची सुरुवात शून्याने होत नसल्याने तेथे ती निर्धास्त वापरावी; दूरध्वनीच्या ०२२ ला ती लावली, तर शून्य हरवून बावीस उरेल.

तेव्हा याद्या संचात टाकण्यापूर्वी त्या धुऊन घ्याव्यात : पुढची-मागची मोकळी जागा काढणे, एनएफसी, अदृश्य चिन्हांची छाननी. त्यानंतरही लेखनभेद आणि नामांतरे राहतातच, आणि तेथे पुन्हा डिक्शनरीच उपयोगी पडते :

पर्याय = {"नेरुळ": "नेरूळ", "घनसोली": "घणसोली", "अहमदनगर": "अहिल्यानगर", "उस्मानाबाद": "धाराशिव"}

प्रत्येक नाव या डिक्शनरीतून काढायचे; सापडले तर प्रमाण रूप घ्यायचे, न सापडले तर नाव आहे तसेच ठेवायचे. ‘गेट’ पद्धतीचा हा निर्धोक वापर, कारण येथे पर्यायी मूल्य म्हणून मूळ नावच परत मिळते, काहीही लपत नाही.

ही पर्यायसूची एका बैठकीत पूर्ण होत नाही. ती वाढवण्याची रीत अशी : अर्जांतील गावांचा संच घ्यावा, त्यातून अधिसूचित ९५ गावांचा संच वजा करावा आणि जे उरेल ते छापावे. उरलेल्या प्रत्येक नावाचा अर्थ दोनपैकी एक असतो. गाव खरोखरच अधिसूचित यादीबाहेरचे आहे, किंवा नाव वेगळे लिहिले गेले आहे. हा निवाडा संगणक करू शकत नाही. सारसोळे, कुकशेत, शिरवणे ही गावे ज्याने पाहिली आहेत अशा माणसाने ती उरलेली यादी वाचावी, लेखनभेद पर्यायसूचीत घालावेत आणि वजाबाकी पुन्हा करावी. फरक रिकामा होईपर्यंत, किंवा त्यात फक्त खरोखर बाहेरची गावे उरेपर्यंत, कोणाचाही अर्ज ‘गाव आढळले नाही’ या शेऱ्यानिशी परत पाठवू नये.