सावदा ते सातपुडा, व्हाया आकाश

मंडळी, आमचं सावदा केळीचं गाव. माल नाशवंत, म्हणून निरोपाची घाई इथे जुनीच. दिल्लीचा भाव कळावा म्हणून घरातली मोठी माणसं ट्रंककॉल लावून तासन् तास ताटकळायची. तरी आम्ही नशीबवान, दाराशी रेल्वे होती. गावातून उत्तरेला जो सातपुडा दिसतो, तोच पश्चिमेला धडगाव-अक्कलकुव्यात शिरला की निरोप पायीच चालतो.

अशा गावांसाठी आकाशातून वाट काढायची कल्पना आपल्याकडे पन्नास वर्षं जुनी आहे बरं का! १ ऑगस्ट १९७५ ला इस्रोने 'साइट' प्रयोग सुरू केला. सहा राज्यांतली सुमारे २४०० खेडी, खुराड्याला लावतात तसल्या जाळीची तीन मीटरची अँटेना, आणि सार्वजनिक जागी एक टीव्ही. शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन, सगळं गावाने एकत्र बसून पाहायचं. पण उपग्रह अमेरिकेकडून उसना आणलेला. ३१ जुलै १९७६ ला प्रयोग संपला. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हताच. असो.

पुढची गंमत ऐका. देशातले पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० ला वाटले गेले ते नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत. (१९९८ पर्यंत हा सगळा भाग धुळे जिल्ह्यातच होता.) म्हणजे नंबर आधी आला. पण रेशन दुकानातल्या यंत्राला अंगठा ओळखायचा तर नेटवर्क हवं, आणि डोंगरातल्या पाड्यांवर नेमकं तेच नाही!

५ नोव्हेंबर २०२५ ला महाराष्ट्र सरकारने स्टारलिंकशी इरादापत्र केलं. त्यात गडचिरोली, धाराशिव, वाशीमबरोबर आपलं नंदुरबारही आहे. जुने उपग्रह ३६,००० किलोमीटरवर. प्रश्न जाऊन उत्तर यायला जवळजवळ अर्धा सेकंद. हे नवे साधारण ५५० किलोमीटरवर, त्यामुळे डॉक्टरशी समोरासमोर बोलल्यासारखं बोलता येतं. दरीत टॉवर उभारायला नको, केबल ओढायला नको, वर मोकळं आकाश असलं की झालं. मला हे मनापासून हवं आहे. फक्त ती छत्री 'साइट'सारखी शाळेवर, दवाखान्यावर बसावी. ज्याला परवडेल त्याच्याच गच्चीवर बसली तर पाड्याला काय उपयोग?

धडगावकडे शिक्षक असलेला माझा भाचा रोज टेकडी चढून शाळेची माहिती पाठवतो. त्याला उत्साहाने हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मामा, छत्री बसेल हो. पण पावसाळ्यात चार-चार दिवस लाइट नसते, तेव्हा ती चालवू कशावर?"