परभणीचे बस्ते
परभणी जिल्ह्यातल्या जमिनीच्या दप्तराने भाषा, लिपी, मापं आणि राज्य, सगळंच बदललेलं पाहिलं आहे. निजामाच्या कारभारात वरची भाषा आधी फारसी, मग उर्दू. गावचा हिशेब बराचसा मोडीत. 1948 नंतर राज्य बदललं, 1954-55 चं खासरा पाहणी पत्रक झालं, 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, पुढे सातबारा रुळला आणि तोही संगणकावर गेला. दर वेळी नवं दप्तर जुन्यावरूनच उतरवलं गेलं. त्यामुळे नवं बिघडलं की दुरुस्तीला जुनंच लागतं, आणि म्हणून जुन्या कागदाची डागडुजी हा नव्या यंत्रणेचाच खर्च धरायला हवा. खासऱ्यातले 4 एकर 20 गुंठे म्हणजे 1 हेक्टर 82 आर. टाइप करताना 82 चे 28 झाले, तर कुणब्याचं सव्वा एकराहून जास्त रान कागदावरून नाहीसं होतं. जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली तहसीलदार असा लेखनप्रमाद दुरुस्त करू शकतो. पण ताडून पाहायला हस्तलिखित सातबारा, फेरफार किंवा खासराच काढावा लागतो.

सगळं सर्व्हरवर असताना वाळवी लागलेले बस्ते कशाला सांभाळायचे, असं विचारलं जातं. हार्ड डिस्कपुरतं ते बरोबर आहे. माहितीची प्रत असेल तर बंद पडलेली डिस्क दुरुस्त करत बसू नये, सरळ नवी बसवावी. पण प्रत चुकीचीच असेल तर दहा ठिकाणी ठेवूनही दहाही ठिकाणी 28 च निघतील. स्कॅनिंग जरूर करावं; मात्र पानाची कड फाटून आकडा गेला असेल, तर स्कॅनमध्येही तो नसतो. मोडी-उर्दू वाचणारे उरलेत किती, हा आक्षेप जास्त वजनाचा आहे. तरीही 2023 मध्ये न्या. संदीप शिंदे समितीच्या कामासाठी मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा जुनी लिपी वाचणाऱ्यांना पुन्हा मागणी आली. लिपी शिकवता येते. कुजलेलं पान पुन्हा लिहिता येत नाही. फाटकी कड पातळ टिश्यू कागद आणि गव्हाच्या खळीने सांधता येते, आणि गरज पडल्यास तो सांधा ओलावून सोडवताही येतो. प्लास्टिकचं लॅमिनेशन मात्र करू नये, कारण ते काढायला गेलं तर शाईसकट कागद सोलून निघण्याचा धोका असतो.