ग्राफीन नॅनोपट्टी : कडा व आकार

कार्बनच्या एकाच अणुस्तराची, सहसा काही नॅनोमीटर रुंद पट्टी. षट्कोनी जाळी कोणत्या दिशेने कापली जाते त्यानुसार कड झिगझॅग किंवा आर्मचेअर होते. तिरक्या कापात दोन्हींचे मिश्रण असते. कडेच्या अणूंना एक शेजारी कमी असल्याने तेथील बंधांची लांबी बदलते. उघडी कड लांबू पाहते, आतली जाळी तिला अडवते, आणि कडेत संपीडन साचते. पातळ पत्रा वाकवायला फारशी ऊर्जा लागत नाही. म्हणून आखूड जागेत शिवलेल्या झालरीसारखी कड लाटा घेते. पट्टी अरुंद असेल तर ती सबंधच पिळते. व्ही. बी. शेणॉय व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये हे गणनेने दाखवले.

कड मात्र स्थिर नसते. झिगझॅग कडेतील षट्कोनांची पंचकोन-सप्तकोनांत पुनर्रचना झाली, की संपीडनाऐवजी ताण येतो. हायड्रोजन जोडल्यास कडेवरील प्रतिबल बरेच उतरते. सोन्याच्या पृष्ठभागावर रेणूंपासून घडवलेल्या पट्ट्या (२०१०) सपाट दिसतात, पण तो आधाराचा परिणाम; मुक्त पट्टीबद्दल त्यावरून अनुमान काढणे धोक्याचे.