कौलारू छपराचे आढे : चुन्याच्या सांध्यापासून कोरड्या जोडणीपर्यंत

प्रस्तावना : कौलारू घराचा इतिहास बहुधा कौलाच्या अंगाने सांगितला जातो, परंतु छपराचे आयुष्य ठरते ते आढ्यावर. दोन पाखी जेथे मिळतात त्या रेषेचा विचार प्रस्तुत निबंधात माहुलच्या संदर्भात केला आहे. चेंबूरच्या दक्षिणेस खाडीकाठी वसलेले माहुल हे मच्छीमारांचे जुने गाव. १९५५ मध्ये बर्मा-शेलचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाल्यावर ते उद्योगक्षेत्र म्हणून ओळखले जाऊ लागले. तथापि पावसाळ्यात २००० मिलिमीटरहून अधिक पाऊस आणि खारा वारा या गोष्टी कारखान्याआधीपासूनच्या आहेत.

मंगलोरी कौलाची क्रांती : कोकणपट्टीत पूर्वी कुंभाराची अर्धगोल नळीची कौले वापरीत. ती नुसती रचलेली असल्याने दरवर्षी मृगापूर्वी शाकारणी अटळ असे. १८६५ मध्ये बासेल मिशनचे जॉर्ज प्लेब्स्ट यांनी मंगळूर येथे यंत्रावर कौले काढण्याचा कारखाना उभारला. फ्रान्समधील अल्सास प्रांतात गिलार्डोनी बंधूंनी १८४१ मध्ये एकमेकांत अडकणाऱ्या कौलाचे पेटंट घेतले होते. मंगलोरी कौलाचे तत्त्व तेच. मागील खुंटीने ते रिपेवर अडकते आणि कडेच्या खाचेने शेजाऱ्यात बसते. पाख्यावर चुन्याची गरज उरली नाही.

आढ्याचा अपवाद : आढ्यावर मात्र ही क्रांती पोहोचली नाही. तेथील कौले बहुधा चुन्यात, पुढे सिमेंटमध्ये बसविली जात राहिली. लाकूड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते; ताठर सिमेंट ही हालचाल सोसत नाही. सांध्याला तडा जातो, पाणी आढ्याच्या लाकडात मुरते आणि वाऱ्याची ओढ कौल उचलते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड किनाऱ्यावरील असंख्य छपरे उडाली, तेव्हा छपराची जोडणी किती महत्त्वाची याची पुन्हा प्रचीती आली.

कोरडी जोडणी : युरोपात रूढ झालेल्या या पद्धतीत आढ्याच्या रेषेत कंसांवर लाकडी पट्टी बसवितात. तिच्यावर पाणी अडविणारी, पण हवा खेळू देणारी लवचिक पट्टी उलगडून तिच्या चिकट कडा दोन्ही पाख्यांच्या वरच्या कौलांवर दाबतात. नंतर आढ्याची कौले ठेवून, सांध्यांवर पकड देऊन ती स्क्रूने लाकडात आवळतात. दगडी पाट्यांच्या छपरांवरही हीच रीत चालते. ब्रिटनच्या बीएस ५५३४ या मानकाने २०१४ च्या आवृत्तीत केवळ चुन्या-सिमेंटवर विसंबणे अमान्य केले; २०१८ मध्ये बीएस ८६१२ हे कोरड्या जोडणीचे स्वतंत्र मानक आले. खाडीकाठी मात्र स्क्रू स्टेनलेस पोलादाचेच हवेत; साध्या लोखंडाला खारी हवा लवकर खाते.

निष्कर्ष : नळीच्या कौलांच्या फटींतून घर श्वास घेत असे, सिमेंटच्या आढ्याने तो कोंडला. कोरड्या जोडणीने तो परत मिळतो. १८६५ मध्ये पाख्यावर सुरू झालेला बदल तिच्यामुळे दीडशे वर्षांनी आढ्यावर पूर्ण होतो. गळतीला कंटाळून कौल उतरवून पत्रा किंवा स्लॅब घालणाऱ्या घरात दोष अनेकदा कौलाचा नसतो, आढ्याच्या सांध्याचा असतो. गावठाणांतील कौलारू वारसा जपावयाचा तर दुरुस्तीची सुरुवात तेथूनच झाली पाहिजे.