सासर, माहेर आणि परवाना

मुंबईहून कराचीला जायचं तर एके काळी बोटीत बसायचं, एवढंच. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यातच होता. रत्नागिरीकडची मुलगी कराचीला दिली तर ‘लांब दिली’ म्हणत. ‘परदेशी दिली’ असं कुणी म्हणत नसे. कराचीतल्या एका जुन्या सरकारी शाळेला नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी माणसाचं नाव आहे, आणि कोकणी मुसलमानांची तिथं स्वतःची हाउसिंग सोसायटी आहे. सोयरीक अशी जुनी.

फाळणीनं ती एका रात्रीत तुटली, असा आपला समज असतो. तसं झालं नाही. ऑगस्ट १९४७ मध्ये इकडून तिकडं जायला पासपोर्ट लागत नव्हता. पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांना भारत सरकारनं परवान्याची सक्ती केली ती जुलै १९४८ मध्ये. काही महिन्यांत पाकिस्ताननंही तेच केलं. पासपोर्ट आणि व्हिसा आले ऑक्टोबर १९५२ मध्ये. परवान्यांतही प्रकार होते : तात्पुरत्या भेटीचा वेगळा, कायम परतीचा वेगळा. कुठला कागद हातात पडला, यावर बाईचा संसार ठरू लागला.

गयेच्या जमीनदार घराण्यातल्या कुमार राणी सईदा खातून यांचं प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. बाई जुलै १९४८ मध्ये कराचीला गेल्या. औषधपाण्यासाठी, असं त्यांचं म्हणणं. डिसेंबरात तात्पुरत्या परवान्यावर परत आल्या, मुदत संपली म्हणून एप्रिल १९४९ मध्ये पुन्हा गेल्या. मे १९५० मध्ये कायम परतीचा परवाना घेऊन आल्या, तर दोन महिन्यांत तो परवानाच रद्द झाला, कारण तो देताना बिहार सरकारची संमती घेतली नव्हती. नवरा भारतात, मग बायको परदेशी कशी, हा त्यांच्या बाजूचा मुद्दा. कोर्टानं १९५५ मध्ये राज्यघटनेच्या सातव्या कलमावर बोट ठेवलं : स्थलांतर केलं ते केलं, नवरा कुठं राहतो याचा इथं उपयोग नाही. कायद्याच्या दृष्टीनं निकाल बरोबर असेल. मला मात्र त्या दोन महिन्यांचं वाटतं. एवढ्या दिवसांत तिनं सामान तरी सोडलं असेल की नाही?

पुढं प्रत्येक लढाईनं एकेक दार लावून घेतलं. १९६५ च्या युद्धात मुनाबाव-खोकरापार रेल्वे बंद पडली. १९७१ मध्ये राजनैतिक संबंधच तुटले. व्हिसासंबंधीचा करार सप्टेंबर १९७४ मध्ये झाला, आणि समझोता एक्सप्रेस धावली जुलै १९७६ मध्ये. लढाई झाली दोन आठवड्यांची. मुलीला माहेरी पाठवायला किती वर्षं लागली, ते तुम्हीच मोजा.

१९९४ ची गोष्ट मी जवळून पाहिली. कराचीत तेव्हा गोळीबार, जाळपोळ रोजची झाली होती. त्यात भारताचा हात असल्याचा आरोप करून पाकिस्ताननं डिसेंबरात तिथला भारतीय वाणिज्य दूतावास बंद करायला लावला. दंगा कराचीतल्या कराचीत. पण त्या दिवसापासून कराचीच्या माणसाला भारताच्या व्हिसासाठी हजारावर किलोमीटर दूर इस्लामाबाद गाठावं लागलं.

आमच्या मोहल्ल्यात कराचीहून लग्न होऊन आलेल्या एक खाला होत्या. पासपोर्ट तिकडचा, घर इकडचं. दर वर्षी मुदतवाढीचा अर्ज. माझं अक्षर बरं, म्हणून तो भरायला मला बोलावत. ‘भारतात राहण्याचा उद्देश’ असा एक रकाना असायचा. पहिल्यांदा मी विचारलं, ‘‘खाला, इथं काय लिहू?’’ त्या चुलीपाशी होत्या. मागं न बघता म्हणाल्या, ‘‘लिही, तुझे खालू.’’

अर्ज कुणी नाकारला, असं कधी झालं नाही. तो नुसता पडून राहायचा. कागद दिल्लीला, तिथून राज्याकडं, तिथून पोलीस ठाण्याकडं आणि त्याच वाटेनं परत. मध्येच कुठं स्फोट झाला की आहे तिथं थांबायचा. डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाला. १ जानेवारी २००२ पासून रेल्वे, बस, विमान सगळं बंद झालं, दोन्हीकडच्या वकिलातींतली माणसं निम्म्यावर आणली. गाडी पुन्हा सुरू झाली जानेवारी २००४ मध्ये. मधल्या काळात खालांची आई तिकडं वारली. रस्ता बंद होता हे खरं. पण त्याआधी उघडा असतानाही त्या गेल्या नव्हत्या. ‘‘गेले आणि मध्येच काही पेटलं, तर परत कोण घेईल रे?’’ एवढंच म्हणायच्या.

चांगले दिवसही आले, ते सांगायलाच हवं. फेब्रुवारी २००६ मध्ये थार एक्सप्रेसनं मुनाबावचा रस्ता एक्केचाळीस वर्षांनी उघडला. मुंबईवरच्या २००८ च्या हल्ल्यानंतर व्हिसा पुन्हा आवळले गेले, तरी सप्टेंबर २०१२ च्या करारात नवरा-बायकोचा वेगळा विचार झाला : जोडीदाराला दोन वर्षांपर्यंतचा, अनेक फेऱ्यांचा व्हिसा देता येईल अशी तरतूद आली. वाचून मला आधी खालांचा तो रकाना आठवला. ऑगस्ट २०१९ मध्ये दोन्ही गाड्या थांबल्या.

एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला पर्यटकांची हत्या झाली. निरपराध माणसं मारली गेली. सरकार स्वस्थ बसणार नव्हतं आणि बसूही नये. व्हिसा रद्द झाले, अटारीची चौकी बंद करण्याचं ठरलं. पण त्या चार-सहा दिवसांत तिथं जे लोक जमले, त्यांत मुदतवाढीचा अर्ज अजून पडूनच असलेल्या सुना होत्या. आणि उलट्या बाजूच्याही : तिकडं दिलेल्या, माहेरपणाला आलेल्या लेकी. पासपोर्ट भारताचा, म्हणून त्यांना जाऊ देईनात. मुलांचे पासपोर्ट पाकिस्तानचे, म्हणून त्यांना राहू देईनात. आई निळा पासपोर्ट घेऊन कठड्याच्या अलीकडं, मुलं हिरवे घेऊन पलीकडं जायला निघालेली. त्यांतल्या काही जणींना नंतर जाऊ दिलं.