मालवणचें बंदर आणि लहान होडीची निगा

कबनूरचें नांव घेतलें म्हणजे माग, ऊंस व पंचगंगेचें पात्र हीं डोळ्यांपुढें उभीं राहतात. समुद्राशीं आमच्या गांवाचा संबंध काय, असें वाचकांस वाटणें साहजिक आहे. पंचगंगेचें पाणी देखील नरसोबाच्या वाडीस कृष्णेला मिळून पूर्वसमुद्राकडे जातें. पश्चिम समुद्राची व त्याची गांठ पडत नाहीं. परंतु ज्या कोल्हापूरच्या राज्याचा इतिहास आपण अभिमानानें सांगतों, त्या राज्याला एके काळीं स्वतःचें बंदर होतें. तें बंदर म्हणजे मालवण. फोंडा घाटानें मीठ व सुकी मासळी वर येई आणि घाटावरचा माल खालीं जाई. ज्युबिलीच्या या स्मरणिकेंत त्या बंदराची, आणि त्याच्या तोंडाशीं लहान होडी बाळगून पोट भरणाऱ्या लोकांची हकीकत सांगावी, असें आम्हीं योजिलें आहे. त्या लोकांत गाबीत आहेत, तसेच आपले ख्रिस्ती बांधवहि आहेत.

मालवणचा उपसागर खडकांनीं जवळजवळ कोंडलेला आहे. कांहीं खडक सदैव पाण्याबाहेर असतात, कांहीं ओहोटीसच डोकें वर काढतात, आणि कांहीं कधींच दिसत नाहींत. त्यांच्यावर फुटणाऱ्या लाटेवरूनच त्यांचा ठाव लागतो. आंत येण्याची वाट अरुंद व धोक्याची. शिवाजी महाराजांनीं हीच जागा हेरिली. २५ नोव्हेंबर १६६४ रोजीं कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला व १६६७ मध्यें किल्ला पुरा झाला. सुमारें ४८ एकरांचें बेट, भोंवतीं सुमारें ३ किलोमीटर लांबीचा तट, आणि जवळच पद्मगड, राजकोट व सर्जेकोट हे सोबती. शत्रूच्या मोठ्या जहाजाला जे खडक काळ ठरत, तेच खडक किल्ल्याचे पहिले पहारेकरी होते.

कोल्हापूरचें राज्य वेगळें झाल्यावर हें बंदर त्याच्या वांट्यास आलें. १७६५ मध्यें इंग्रजांनीं सिंधुदुर्ग जिंकून त्यास ‘फोर्ट ऑगस्टस’ असें नांव दिलें. परंतु पुढच्याच वर्षीं पैशाचा करार करून तो करवीरकरांस परत दिला. अखेर १ ऑक्टोबर १८१२ च्या तहानें मालवण बंदर व तेथील किल्ले कोल्हापूरकरांनीं इंग्रजांच्या स्वाधीन केले, आणि आपल्या राज्याचा मालवणावरील अंमल संपला. निशाण बदललें, खडक मात्र होते तेथेंच राहिले, आणि त्यांच्यामधून रोज जाणारी येणारी लहान होडीहि राहिली. तट बांधविणाऱ्यांचीं नांवें बखरींत आहेत. वाट ठाऊक असणाऱ्यांचीं नांवें फार थोडीं उरलीं. त्यांची विद्या तेवढी बापाकडून मुलाकडे येत गेली.

ती विद्या कोणती, तें आतां पाहूं. पहिली गोष्ट वेळेची. भरती रोज सुमारें दोन घटका उशिरां येते. कोंकणांत जुना हिशेब असा कीं, तिथीचे पाऊणपट करावे, म्हणजे भरतीची वेळ निघते. चतुर्थीस तीन वाजतां, अष्टमीस सहा वाजतां. स्थळपरत्वें वेळ थोडी मागेंपुढें होते, पण हा हिशेब ज्याच्या जिभेवर आहे त्यास पंचांग पुरे. पौर्णिमा व अमावास्या यांच्या सुमारास उधाण येतें, तेव्हां पाणी फार चढतें व फार उतरतें. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हां चढउतार थोडा.

दुसरी गोष्ट खुणांची. देवळाचें शिखर, उंच माड, डोंगराची कड यांपैकीं दोन खुणा एका रेषेंत आल्या म्हणजे होडी वाटेवर आहे. त्या एकमेकींपासून सरकल्या म्हणजे खडक जवळ आला. तिसरी गोष्ट वाऱ्याची. पहांटे जमिनीवरून मतलई वारा सुटतो, तो होडीला बाहेर नेतो. दुपारीं खारा वारा तिला घरीं आणतो. शिडाच्या काळांत सारा दिनक्रम या दोन वाऱ्यांवर बेतलेला असे.

मालवणाच्या दक्षिणेस देवबाग येथें निराळीच परीक्षा आहे. तेथें एका बाजूस समुद्र व दुसऱ्या बाजूस कर्लीची खाडी, मध्यें वाळूची चिंचोळी पट्टी, आणि तिजवर माणसांची वस्ती. त्या वस्तींत ख्रिस्ती घरेंहि आहेत. खाडीच्या मुखाशीं असलेल्या वाळूच्या दांड्याची जागा पावसाळ्यांतील पुरानें बदलते. ओहोटीचें पाणी नदीच्या ओढीसह बाहेर धांवतें व समोरून समुद्राची लाट येते. दोहोंची टक्कर झाली म्हणजे लाट उभी राहते आणि होडी आडवी पडण्याचें भय असतें. म्हणून शहाणा तांडेल घाई करीत नाहीं. तो बाहेर थांबतो, भरती लागूं देतो, लाटा मोजतो, आणि मोठी लाट पुढें गेली कीं तिच्या पाठोपाठ आंत शिरतो. घर समोर दिसत असतां थांबणें हेंच या धंद्यांतील कठीण शिक्षण होय.

परंतु एवढें ज्ञान असून होडी नादुरुस्त असेल तर सारें व्यर्थ. लांकडी होडीस दोन शत्रु. खाऱ्या पाण्यांत लांकूड पोखरणारा किडा, आणि पावसाचें गोडें पाणी सांचून येणारी कूज. किड्यासाठीं होडी वरचेवर कोरडी करावी लागते. उधाणाच्या भरतीस ती उंच काढली म्हणजे पुढील भांगाचें पाणी तिला लागत नाहीं, आणि कामास आठवडाभर सवड मिळते. बुडाला चिकटलेले जीव खरवडावे, वाळलेल्या झावळ्यांची धग द्यावी, फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासून राळ व तेल भरावें, वरून उंडीचें किंवा काजूच्या टरफलांचें तेल चोळावें, हें काम पिढ्यान् पिढ्या चालत आलें. काम रेंगाळलें आणि पुढचें उधाण बेताचेंच आलें, तर होडी वाळूंतच अडकून बसते. नांगराचा दोर खडकावर घासतो, म्हणून तोहि नेमानें तपासावा लागतो.

पावसाळ्याआधीं होडी ओंडक्यांवरून ओढून लाटांच्या पल्ल्याबाहेर नेतात, टेकू देतात, बुडाचें भोंक मोकळें ठेवून वर झाप घालतात. नारळी पौर्णिमेपर्यंत जाळीं विणणें व दुरुस्त करणें चालतें. एकट्या कुटुंबाच्या हातून होडी ओढली जात नाहीं, शेजार लागतो. रापणीचेंहि तसेंच. जाळ्याचें एक टोंक किनाऱ्यावर ठेवून होडी अर्धवर्तुळ फिरते, मग दोहों बाजूंनीं पुष्कळ हात ओढूं लागतात, आणि मिळालेल्या मासळीचे वांटे होतात. शुभवर्तमानांत प्रभूनें याकोब व योहान यांस बोलाविलें तेव्हां ते होडींत जाळीं नीट करीत होते, हें आपण जाणतांच. गालिलाच्या सरोवरास भरतीओहोटी ठाऊक नव्हती. पण किनाऱ्यावरील हें काम तेथेंहि चुकलें नव्हतें.

आज लांकडाच्या जागीं फायबरच्या होड्या पुष्कळ आल्या, शिडाच्या जागीं यंत्र आलें. किडा फायबर खात नाहीं, आणि खडक कोठें आहे तें उपग्रहाच्या आधारें चालणारें यंत्र सांगतें. परंतु गेल्या पावसांत सरकलेला दांडा त्या यंत्राला आपोआप कळत नाहीं. तो पाहणारा डोळाच लागतो. भीति खडकांहून दुसऱ्याच गोष्टीची अधिक आहे. मोठ्या यंत्रनौकांनीं मासळी उपसली तर लहान होडी राखून करावयाचें काय, हा प्रश्न आहे. १९८१ मध्यें महाराष्ट्रांत सागरी मासेमारीचा कायदा झाला, व २०१६ मध्यें राज्य शासनानें पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध घातले, ते याच तक्रारींमुळें. होडी गेली तर दुसरी घेतां येईल. वाट ओळखणारा एक म्हातारा मुलाला न शिकवितां गेला, तर ती वाट बाजारांत विकत मिळत नाहीं.

आमच्या गांवांतील मागवाल्यास हें समजावून सांगण्याची गरज नाहीं. चालणारा माग सर्वांस दिसतो. त्याला तेल देणारा, तुटला धागा जोडणारा हात क्वचितच कोणी पाहतो. म्हणून आमच्या वाचकांस एवढीच विनंति कीं, आठवड्याच्या बाजारांत सुकी मासळी घेतांना किंमतीवरून हुज्जत घालण्यापूर्वीं क्षणभर थांबावें. त्या किंमतींत समुद्रावरचे तास आहेत, तसे किनाऱ्यावर बुड खरवडण्याचे, दोर तपासण्याचे व भरतीची वाट पाहण्याचेहि आहेत.